वादाला बसायचे कुणी?

आपल्या देशात वादाची परंपरा फार जुनी आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. न्यायदर्शनाने वादाचे प्रकारही पाडून ठेवले आहेत. तत्त्व कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकावे म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता समोरच्याची बाजू मोडून काढणे म्हणजे वितंडा. वर्गीकरण चोख आहे. त्यात एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही, कारण त्या काळी ती सांगण्याची गरजच नव्हती. वादाला बसायचे कुणी? त्याचे उत्तर दुसरीकडे आहे. ब्रह्मसूत्रांत एक अपशूद्राधिकरण आहे. शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार नाही, हे सिद्ध करण्यासाठी तेथे शंकराचार्यांनी जी स्मृतिवचने पुढे केली, त्यांत वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसे आणि लाख ओतण्याचे वचन आहे. जनकाच्या सभेत गार्गीने एकापुढे एक प्रश्न विचारले, तेव्हा याज्ञवल्क्याने तिला बजावले की याहून पुढे विचारशील तर तुझे मस्तक गळून पडेल. वाद संपवण्याची ही रीत तेव्हापासूनची आहे.

मी इतिहास शिकवतो. वरचा प्रश्न मी येथे एका वेगळ्याच वादसभेला विचारणार आहे. संगणकांच्या जाळ्यावर गेली सुमारे साडेचार दशके एक अखंड वाद चालू आहे. कोणते सॉफ्टवेअर श्रेष्ठ, कोणता खेळ चांगला, कोणते राजकारण खरे, असे त्याचे विषय. हा पांढरपेशांचा रिकामा उद्योग आहे, त्याचे आपल्याला काय, असे आपल्या काही ज्येष्ठ वाचकांना वाटेल. पण या सभेने जगाला एक वचन दिले होते. येथे जन्म विचारला जाणार नाही, पदवी विचारली जाणार नाही, माणसाचा शब्द आणि त्याचे काम एवढेच पाहिले जाईल, हे ते वचन. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ साली संगणकवेड्या तरुणांवर लिहिलेल्या ग्रंथात हा त्यांचा नीतिनियमच म्हणून नोंदवला आहे. आणि ५ जुलै १९९३ च्या न्यूयॉर्कर साप्ताहिकात पीटर स्टायनर यांचे एक व्यंगचित्र आले. संगणकासमोर बसलेला एक कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला सांगतो आहे की या जाळ्यावर आपण कुत्रे आहोत हे कुणालाच कळत नाही. सारे जग हसले. ज्या समाजाच्या पाण्याला शिवण्याचा अधिकार कुत्र्यामांजरांना होता आणि माणसांना नव्हता, त्या समाजातून आलेल्या माणसाला हे चित्र नुसते हसून सोडून देता येत नाही. जन्म कळणार नाही अशी जागा खरोखर निर्माण झाली असेल, तर ती आपल्या दृष्टीने शतकातली सर्वांत मोठी घटना ठरते. म्हणून तिचा इतिहास तपासला पाहिजे.

या सभेचा पाया १९७९ च्या अखेरीस घातला गेला. त्या वेळी अमेरिकेत आर्पानेट नावाचे जाळे होते. ते संरक्षण खात्याच्या पैशावर चाले आणि त्या खात्याचे काम ज्या संस्थांकडे असे त्यांनाच त्याचे दार उघडे होते. ड्यूक विद्यापीठ दाराबाहेर होते. तेथील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांच्या साहाय्याने, युजनेट उभे केले. एका संगणकाने साध्या टेलिफोनवरून दुसऱ्याला फोन करायचा, साठलेली पत्रे द्यायची, त्याच्याकडची घ्यायची. मग दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करायचा. रात्री टेलिफोनचे दर कमी, म्हणून ही देवघेव बहुधा रात्री चाले. लोक त्याला गरिबांचे आर्पानेट म्हणू लागले. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांनी आपली विहीर खणली, असा हा प्रारंभ आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र हे गरीब म्हणजे कोण, तेही पाहावे. ज्यांच्या विभागात युनिक्सवर चालणारा संगणक होता आणि ज्यांचे फोनचे बिल संस्था भरत होती, ते हे गरीब. बहिष्कृतांतही उतरंड असते, हे आपल्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही.

सात वर्षांत पत्रांचा पूर आला. जे मोठे संगणक ही वाहतूक खंडभर नेत होते, त्यांच्या चालकांच्या हाती सगळी सूत्रे आली. जुलै १९८६ ते मार्च १९८७ या काळात त्यांनी सर्व गटांची नावे बदलून सात विभाग पाडले. या विभागांना युजनेटवर इंग्रजीत हायरार्की म्हणतात. संगणकशास्त्रात त्याचा अर्थ शाखांची रचना इतकाच आहे, शब्दावरून कुणाला झोडपण्याचा माझा हेतू नाही. पण रचना पाहा. सॉफ्टवेअर आणि यंत्रे यांना ‘कॉम्प’ हा विभाग मिळाला. खेळ आणि छंद ‘रेक’मध्ये गेले, देशोदेशीचे समाज आणि संस्कृती ‘सोक’मध्ये. आणि राजकारण, धर्म, गर्भपात अशा तापणाऱ्या विषयांसाठी ‘टॉक’ हा वेगळा विभाग झाला. तो वेगळा काढण्यात सोय अशी होती की ज्या संस्थेला ही कटकट नको असेल तिने तेवढा विभाग आपल्या यंत्रावर घेऊच नये. म्हणजे सॉफ्टवेअर गावात आणि राजकारण गावकुसाबाहेर.

माझे म्हणणे असे की ही विभागणीच मुळात राजकीय होती, आणि ती टिकणे शक्य नव्हते. तिच्याही आधी, २७ सप्टेंबर १९८३ रोजी, रिचर्ड स्टॉलमन या एमआयटीतल्या माणसाने युनिक्सवाल्यांच्या गटावर एक पत्र टाकले होते. आपण युनिक्ससारखी एक पूर्ण प्रणाली लिहिणार आहोत आणि ती वापरणाऱ्या प्रत्येकाला मोकळेपणी देणार आहोत, असे त्यात होते. हे पत्र सॉफ्टवेअरचे की राजकारणाचे? ज्ञान कुणाच्या मालकीचे, त्याची नक्कल करणे हा अपराध की कर्तव्य, हा प्रश्न ज्याने विचारला त्याला यंत्राच्या गटातून उठवून टॉकमध्ये बसवणार होते काय?

खेळांचेही तेच. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो सिद्धीला नेला. त्याचे नाव मड. त्यात चित्रे नव्हती, सारे शब्दांत. अनेक माणसे आपापल्या यंत्रावरून एकाच कल्पित भूमीत शिरत, बोलत, लढत, गुण मिळवत, आणि एकेक पायरी चढत. हा बार्टल यॉर्कशायरमधील कामगार वर्गातून आलेला मुलगा. पुढे त्याने स्पष्टच सांगितले की ही पायऱ्यांची रचना इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेला दिलेले उत्तर होते. बाहेरच्या जगात तुमच्या उच्चारावरून तुमची जागा ठरते. येथे सगळे शून्यापासून सुरू करतात, आणि जो चढतो तो स्वतःच्या कर्तबगारीने चढतो. आज जगातले कितीतरी व्हिडिओ गेम अशाच ‘लेव्हल’वर चालतात, आणि मडमधल्या पायऱ्यांमागे एका कामगाराच्या मुलाची ही जिद्द आहे. हे वाचले तेव्हा मला तो माणूस फार जवळचा वाटला. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते, आणि परीक्षेतल्या आसनक्रमांकाला आडनाव नसते याचा आनंद काय असतो ते मला माहीत आहे.

तरीही विचारले पाहिजे की ही पायऱ्यांची न्यायव्यवस्था कुणासाठी होती. रात्रभर यंत्रासमोर बसण्याची ज्याला मुभा होती त्याच्यासाठी. शिवाय कर्तबगारीने चढलेल्यांची सत्ता या कल्पनेचे नावच मुळी इंग्लंडमध्ये थट्टेतून रूढ झाले. मायकेल यंग यांनी १९५८ साली ‘मेरिटॉक्रसी’वर ग्रंथ लिहिला तो उपहासिका म्हणून. गुणवत्तेने वर गेलेला वर्ग आपले स्थान आपण कमावले असे समजून खाली राहिलेल्यांना अधिकच तुच्छ लेखील, हा त्यातला इशारा. लोकांनी इशारा टाकून दिला आणि शब्द उचलला.

आता या सभेतला सर्वांत गाजलेला वाद. २९ जानेवारी १९९२ रोजी अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्सच्या गटावर लिनक्स कालबाह्य आहे अशा मथळ्याचे पत्र लिहिले. टॅनेनबॉम ॲमस्टरडॅमचे नामांकित प्राध्यापक, मिनिक्सचे कर्ते. समोर लिनस टोरवाल्ड्स, हेलसिंकीचा बावीस वर्षांचा विद्यार्थी. प्रणालीचा गाभा एकसंध असावा की लहान लहान भागांत वाटलेला असावा, हा तांत्रिक मुद्दा. एकसंध गाभा म्हणजे सत्तरच्या दशकात मागे जाणे, असे गुरुजींचे मत. तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझे नशीब, या रचनेला मी चांगले गुण दिले नसते, असेही त्यांनी सुनावले. विद्यार्थ्याने त्याच तोडीचे उत्तर दिले आणि नंतर भाषेबद्दल माफीही मागितली. गुरूने शिष्याला कालबाह्य म्हणावे आणि शिष्याने सगळ्या जगासमोर गुरूच्या रचनेचे दोष काढावेत, ही गोष्ट आपल्याकडच्या विद्यापीठांत आजही कल्पनेतली आहे. त्या सभेचे हे मोठेपण मी मान्य करतो.

पण या वादाचा जो भाग मला महत्त्वाचा वाटतो, तो सहसा कुणी सांगत नाही. दोघेही गरिबाचे नाव घेत होते. टॅनेनबॉम म्हणत होते की मिनिक्स मुद्दामच स्वस्त यंत्रासाठी लिहिले आहे, हार्ड डिस्क नसलेल्या साध्या पीसीवरही ते चालत आले आहे, कारण विद्यार्थ्यांना तेवढेच परवडते. लिनक्सला मात्र महागडे ३८६ यंत्र हवे होते. टोरवाल्ड्सचे म्हणणे असे की मिनिक्स विकत घ्यावे लागते, त्याचे हक्क प्रकाशकाकडे आहेत, आणि लिनक्स फुकट आहे. एकाचे यंत्र स्वस्त पण ग्रंथ महाग. दुसऱ्याचा ग्रंथ फुकट पण यंत्र महाग. टोरवाल्ड्सने ते यंत्र हप्त्यांवर घेतले होते हे खरे. पण त्याच्या लहानपणीच त्याच्या आजोबांनी, जे हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, घरात संगणक आणला होता हेही तितकेच खरे आहे. ज्या गरिबाच्या नावाने हा वाद चालला होता, तो त्या गटावर नव्हता. असता तर त्याने काय म्हटले असते? कदाचित दोघांनाही विचारले असते की वीज कुठून आणायची.

आपल्याकडे त्या वेळी काय होते? १९८६ साली सुरू झालेल्या एर्नेट या जाळ्यात प्रारंभी मुंबईचे एनसीएसटी, बंगळूरची विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, एवढीच ठिकाणे होती. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही मोजक्या महानगरांत. म्हणजे ७ ऑगस्ट १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंग यांनी मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली, तेव्हा युजनेटवरील भारतीय संस्कृतीच्या गटात बोलत होते ते मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांत गेलेले भारतीय विद्यार्थी. राखीव जागांवर वाद झाला, गुणवत्तेवर वाद झाला. ज्यांच्या जागांबद्दल तो चालला होता ते सभेत जवळजवळ नव्हतेच. त्यांतले बहुतेक त्या वेळी टंकलेखन यंत्रासाठीही रांगेत उभे होते. न्यायदर्शनवाल्यांना विचारावेसे वाटते: प्रतिपक्षच गैरहजर असताना चाललेल्या बोलण्याला कोणता प्रकार म्हणायचे?

यानंतर घडले ते ‘सप्टेंबर’. अमेरिकेत दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी विद्यापीठात येत आणि युजनेटवर धडपडत. जुने लोक त्यांना रीतभात शिकवत. महिन्याभरात सगळे सुरळीत होई. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन या कंपनीने आपल्या लाखो साध्या ग्राहकांना या सभेचे दार उघडून दिले. मग नवे लोक येतच राहिले. जुन्यांनी म्हटले की १९९३ चा सप्टेंबर संपलाच नाही. त्याला ‘चिरंतन सप्टेंबर’ असे नाव पडले आणि संगणकाच्या लोकप्रिय इतिहासांत तो आजही अधःपतनाचा प्रारंभ म्हणून सांगितला जातो. सभ्यता गेली, दर्जा गेला, कुणीही यावे आणि काहीही बोलावे असे झाले. हे शब्द ऐकून माझे कान टवकारतात. प्राध्यापकांच्या खोलीत मी ते इतक्या वेळा ऐकले आहेत! महाविद्यालये तालुक्याला आली, वाड्या-वस्त्यांवरची मुले आली, आणि दर्जा घसरला. आमच्या वेळी असे नव्हते. बरोबर आहे, तुमच्या वेळी आम्ही नव्हतो. नवे लोक नियम मोडत नव्हते असे मी म्हणत नाही. पण जी रीतभात कुणी लिहून ठेवली नाही, जी घरातून आणि संगतीतून येते, तिच्यावर प्रवेश ठरवायचा आणि मग त्याला सभ्यता म्हणायचे, ही युक्ती आपल्या परिचयाची आहे.

कुत्र्याच्या व्यंगचित्राचे पुढे काय झाले तेही सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या वर्गातला एक मुलगा पबजी हा खेळ मोबाइलवर खेळत असे. चौघांचा संघ, एकमेकांशी बोलत खेळायचे. दोघे पुण्याचे अनोळखी. याचा नेम चांगला, म्हणून त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा बोलावले. तिसऱ्या दिवशी विचारले, पूर्ण नाव काय रे? त्याने सांगितले. थोडी शांतता झाली, मग एक विनोद झाला, मग बोलावणे बंद. हे मला त्याने ऑनलाइन तास संपल्यावर सांगितले, तेही हसत हसत. आता तो माइक बंद ठेवून खेळतो. जाळ्याला जन्म कळत नाही हे खरे आहे. पण जाळ्यावर बसलेला माणूस तो विचारून घेतो.

२०१४ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावे. जानेवारीत गिटहब या कंपनीने आपल्या स्वागतकक्षातला एक गालिचा काढून टाकला. त्यावर गिटहबच्या गुणवत्ता-सत्तेचे नाव विणलेले होते. स्त्रियांनी आणि इतरांनी विचारले की ही गुणवत्ता मोजतो कोण. ऑगस्टमध्ये गेमरगेट सुरू झाले. झोई क्विन या खेळ रचणाऱ्या व्यक्तीवर तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने लिहिलेल्या मजकुरावरून वणवा पेटला. म्हणायला मुद्दा पत्रकारितेच्या नीतीचा होता. प्रत्यक्षात खेळांविषयी बोलणाऱ्या स्त्रियांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. ऑक्टोबरात अनिता सर्कीझियन यांना युटा राज्यातील विद्यापीठातले व्याख्यान रद्द करावे लागले, कारण गोळीबाराची धमकी आली होती आणि तेथील कायद्यामुळे श्रोत्यांना शस्त्र आणण्यापासून अडवता येत नव्हते. गार्गीचे मस्तक, पुन्हा एकदा. खेळात राजकारण आणू नका, ही त्या जमावाची मागणी होती. बार्टलने खेळ कशासाठी रचला होता हे त्यांना कुणी सांगितले नसावे.

लिनक्सच्या सभेतही जुना बाणा फार काळ टिकला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या शिवराळ पत्रांबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली, आणि त्या प्रकल्पाने कोरालाइन एडा एमकी यांच्या मसुद्यावर आधारलेली आचारसंहिता स्वीकारली. कशावरून भेदभाव होता कामा नये त्याची यादी त्यात आहे: वय, वंश, धर्म, लिंग, शिक्षण, आर्थिक स्थिती. त्या आवृत्तीत जात नव्हती. मूळ मसुद्याच्या २०२१ मधील २.१ या आवृत्तीत ‘कास्ट’ हा शब्द आला. सॉफ्टवेअरच्या जगाला हा शब्द लिहायला युजनेटपासून चार दशके लागली. ज्या उद्योगात भारतातून गेलेले एवढे लोक आहेत, त्यात तो त्यांच्यापैकी कुणाला आधी सुचला नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही.

युजनेटची जुनी दप्तरे आज कुठे आहेत? डेजा न्यूज या कंपनीने ती १९९५ पासून साठवली आणि २००१ साली गूगलने तिच्याकडून विकत घेतली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने तेथे नवी पत्रे घेणे बंद केले, जुनी वाचायला ठेवली. त्याच गूगलमध्ये एप्रिल २०२२ मध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातिप्रश्नावर व्याख्यान ठरले होते. कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना ई-मेल पाठवले, हजारो दक्षिण आशियाई कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत पत्रयादीवर वाद पेटला, वक्त्या हिंदुद्वेष्ट्या आहेत असे लिहिले गेले. व्याख्यान झाले नाही. ते आयोजित करणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी जूनमध्ये राजीनामा दिला.

हे पूर्वी लाहोरला झाले आहे. १९३६ साली जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी वाचायला मागितले, वाचून घाबरले, काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि मंडळाने परिषदच रद्द केली. तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. प्रती १,५००. गांधीजींनी हरिजनमधून त्यावर टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात घेतली, आणि तिच्याखाली आपले उत्तर छापले.